बारावी पास, सीएनसीवर पाच वर्षं आणि आता लाईन बंद होतीये, पुढं काय करू?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. मुलगा २४ वर्षांचा, बारावी आर्ट्स, बीए पहिल्याच वर्षाला सोडलं. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत ठेकेदाराकडून पाच वर्षं सीएनसी टर्निंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, ऑपरेटर. ज्या लाईनवर आहे ती बंद होणार आणि दीड महिन्यानं गेटपास जमा करायचा असं सुपरवायझरनं तोंडी सांगितलंय. रूम रांजणगावला, गाव गेवराई तालुक्यात, तीन एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न करायचंय. विचारतोय की बीए पूर्ण करू का, टेम्पो घेऊ का, गल्फला जाऊ का, आणि एक जण ८० हजारात पर्मनंट लावून देतो म्हणतो त्याला पैसे देऊ का. आणि शेवटी लिहिलंय, "डिग्री नाही म्हणून कुठंच काही होणार नाही असं वाटतंय."

भाऊ, मी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा असं सगळीकडं मिळून पंचवीस वर्षं मशीनच्या आजूबाजूलाच काढलीत, आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग मेंटेनन्स, आणि आता छोट्या वर्कशॉपच्या मशीन दुरुस्तीची कामं घेतो, त्यांच्यासाठी पोरं पण मीच बघून देतो. माझं शिक्षण दहावी. त्यामुळं मी जे सांगतोय ते पुस्तकातलं नाही.

सगळ्यात आधी कागदाचं बोलतो कारण तिथं चुकलास तर परत दुरुस्त होत नाही. २००९ ला मंदीत माझी नोकरी गेली तेव्हा ठेकेदाराचा माणूस गेटवर आला, म्हणला इथं सही कर, पाच हजार आत्ता घेऊन जा. मी केली. खिशात पैसे नव्हते, खोलीचं भाडं थकलेलं होतं, कागद इंग्लिशमधे होता, मी वाचलाच नाही. तो राजीनामा होता. नंतर लेबर ऑफिसला गेलो तर साहेब म्हणले तुम्ही स्वतःहून सोडली असं लिहून दिलंय, आता काय करणार. म्हणून सांगतो, तुला राजीनामा लिहून मागतील, कोऱ्या कागदावर सही मागतील, "सगळा हिशोब मिळाला" असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागतील. सही करायची नाही. वाद पण घालायचा नाही, "घरी दाखवून उद्या आणतो" एवढंच म्हणायचं आणि कागदाचा फोटो काढायचा.

कारण काढून टाकणं आणि सोडून जाणं यात लई फरक आहे. वर्षात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. त्यावर ग्रॅच्युइटी वेगळी. तुझी पाच वर्षं भरलीत म्हणतोस तर ती तुला लागू होते, हिशोब सोपाय, शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समज तुझा बेसिक-डीए १३ हजार आहे, तर दिवसाचे ५००, १५ दिवसांचे साडेसात हजार, पाच वर्षांचे ३७,५००. ही काय किरकोळ रक्कम नाही. आणि तू लिहिलंयस की मधे दोनदा १५-१५ दिवसांचा ब्रेक दाखवला, त्यानं घाबरू नको, तुझ्या चुकीनं न पडलेल्या खंडानं सर्व्हिस तुटत नाही आणि त्या वर्षातले २४० दिवस तरी भरतातच. नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात कामावरून कमी केल्यावर पगाराचा राहिलेला हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे. ठेकेदारानं पगार बुडवला, पीएफ भरला नाही, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते हे पण लक्षात ठेव, ठेकेदार फोन उचलत नाही म्हणून पोरं गप बसतात, तिथं गप बसायचं नसतं.

आज रात्रीच यूएएननं, म्हणजे तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरनं, लॉगिन करून पीएफचं पासबुक डाऊनलोड कर. पाच वर्षांत कोणत्या महिन्यात कुणी पैसे भरले ते त्यात ओळीनं दिसतं, आणि तू तिथं होतास याचा त्याच्याइतका पक्का पुरावा ठेकेदाराच्या माणसाकडं पण नसतो. पगारपत्रकं, बँकेचं स्टेटमेंट, आयकार्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर, सगळं एका फोल्डरमधे ठेव. आणि पीएफ सगळा काढायची घाई करू नको, पुढच्या कंपनीत तोच यूएएन दे आणि ट्रान्सफर कर. पेन्शनचा हक्क १० वर्षांच्या सर्व्हिसवर मिळतो, तुझी अर्धी झालीये, आज काढून घेतलीस तर परत पहिल्यापासून मोजणी. अजून एक, ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना असते, नोकरी गेलेल्या कामगाराला सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आयुष्यात एकदा. ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला जाऊन योजना अजून चालू आहे का, तुझी अंशदानं किती झालीत, अर्ज कधी करायचा ते विचारून घे. तिथंही स्वतःहून सोडली असा कागद आडवा येतो. आता कळलं ना मी सहीवर एवढा जोर काहून देतोय.

आता खरं बोलायचं ते. डिग्री नाही ही तुझी मूळ अडचण आहे असं मला वाटत नाही. मी पोरं निवडायला बसतो तेव्हा काय होतं ते सांगतो. मागं एका वर्कशॉपला टर्निंगसाठी माणूस पाहिजे होता. पहिला पोरगा आला, चार वर्षांचा अनुभव. मी त्याच्या हातात एक शाफ्ट दिला आणि मायक्रोमीटर दिला, म्हणलं मोज. मोजला त्यानं, बरोबर मोजला. मग विचारलं, सकाळपासून ह्याचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, हळूहळू वाढत चाललाय, आता २० मायक्रॉन वर गेलाय, तू काय करशील? म्हणला, सेटरला, म्हणजे मशीनची सेटिंग लावणाऱ्याला, बोलवीन. म्हणलं सेटर जेवायला गेलाय. म्हणला, मग लाईन थांबवीन. म्हणलं बरं, प्रोग्राममधे टूलसाठी टी ०१०१ लिहितात त्यातला दुसरा ०१ कशाचा? गप बसला. चार वर्षं रोज तो स्क्रीनवर तेच बघत होता.

दुसरा पोरगा त्याच्यापेक्षा एक वर्षानं कमी अनुभवाचा, मंठ्याकडचा, बोलायला पण बुजरा. त्याला तेच विचारलं. म्हणला, आधी इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टिकली, बघीन, घासला असंल तर कॉर्नर बदलीन, कॉर्नर चांगला असंल तर वेअर ऑफसेटमधे (टूल घासल्याची दुरुस्ती भरतात तिथं) एक्सला मायनस ०.०२ देऊन पुढचा जॉब परत मोजीन. दुसरा ०१ म्हणजे ऑफसेटचा नंबर हे पण सांगितलं. मी विचारलं कुणी शिकवलं रे तुला, तर त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढली, कूलंटनं पानं पिवळी पडलेली, तेलाचे डाग, त्यात अलार्मचे नंबर लिहिलेले, त्यापुढं सेटरनं काय केलं ते, कोणत्या मटेरियलला इन्सर्टचा एक कॉर्नर किती जॉब चालतो ते, सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे चकचे मऊ जबडे) बोअर करताना काय काळजी घ्यायची ते. शिफ्ट सुटल्यावर बसमधे लिहायचा म्हणे. त्याला त्याच दिवशी ठेवला, आणि पगार पहिल्याला आम्ही देणार होतो त्यापेक्षा जास्त. दोघांनाही डिग्री नव्हती. आयटीआय पण नव्हतं.

तू यातला पहिला आहेस का दुसरा ते तुला माहीत. पहिला असशील तरी वाईट वाटून घेऊ नको, कंपनीला ऑपरेटर बटण दाबणाराच पाहिजे असतो, टार्गेटमधे शिकायला वेळच देत नाहीत, त्यात तुझा दोष नाही. पण तुझ्याकडं अजून दीड महिना आहे आणि तो दीड महिना तू डोकं धरून बसण्यात घालवू नयेस असं मला कळकळीनं वाटतं. कारण आज तुझ्यासमोर लाखो रुपयांचं मशीन उभं आहे, रोज आठ तास, वर त्याचा पगार मिळतोय. गेटच्या बाहेर पडलास की त्याच मशीनवर हात ठेवायला तुला क्लासची फी भरावी लागंल आणि तिथं एका मशीनवर दहा पोरं असतील.

लाईन बंद होणार असली की टार्गेटचं प्रेशर पण ढिलं होतं, सेटर मोकळे असतात, आणि सेटरलाही माहीत असतं की पोरं चाललीत, तो पहिल्यासारखं लपवत नाही. त्याच्याकडं जा. सरळ म्हण, दादा मला जायच्या आधी सेटिंग शिकायचंय, तुम्ही जॉब चेंज करताना मला बाजूला उभं राहू द्या. सुपरवायझरला विचारून कर. स्वतःच्या मनानं ऑफसेट खेळू नको, एक चुकीचा आकडा टाकला तर टूल धरणारा टरेट चकवर जाऊन आदळतो आणि मग शिकणं राहिलं बाजूला. आणि कंपनीच्या ड्रॉइंगचे, प्रोग्रामचे फोटो काढू नको, ते कंपनीचं आहे. आपण शिकायचं ते वहीत, आपल्या शब्दात. टूल टच ऑफ कसं घेतात, वर्क ऑफसेट जी५४ म्हणजे काय, इन्सर्टवरचा कोड कसा वाचायचा, सॉफ्ट जॉ कसा बोअर करायचा, पहिला जॉब निघाल्यावर क्वालिटीवाला काय काय तपासतो, ड्रॉइंगवर टॉलरन्स कुठं असतो, रनआऊट आणि कॉन्सेंट्रिसिटीच्या खुणा कशा दिसतात. दीड महिन्यात एवढं व्यवस्थित होतं. मी करून घेतलंय पोरांकडून.

यातच वाळूजला तुझी पुढची नोकरी आहे. ऑपरेटर म्हणून गेलास तर परत ठेकेदाराकडंच जाशील, त्याच पगारावर, कारण ऑपरेटर गेटवर रोज उभे असतात. सेटर-कम-ऑपरेटर म्हणून छोट्या वर्कशॉपला गेलास तर गोष्ट वेगळी. पोरं मोठ्या कंपनीचा बोर्ड बघून तिथंच अर्ज टाकतात, पण पाच-सात मशीनच्या वर्कशॉपला मालक स्वतः उभा असतो, रोज वेगळा जॉब येतो, आज शाफ्ट, उद्या बुश, परवा फ्लँज, तिथं एका वर्षात जे शिकशील ते मोठ्या लाईनवर पाच वर्षांत शिकला नाहीस. सुविधा कमी असतात हे खरंय, कॅन्टीन नसतं, बस नसते. पीएफ-ईएसआयसी आहे का ते मात्र पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही.

तुझी लाईन गिअरची आहे असं लिहिलंस म्हणून एक सांगतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, सायलेन्सर नाही, नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही, त्यामुळं पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, गिअर बनवणाऱ्या लाईनींवर पुढं पण ताण राहणार. ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग, व्हील हे सगळ्या गाड्यांना लागतंय. नवीन ठिकाण बघताना हे डोक्यात ठेव. आणि बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीची चर्चा तू ऐकली असशीलच, टोयोटा किर्लोस्करचा जुलै २०२४ मधे राज्य सरकारशी करार झाला, एथरचं नाव आहे, जेएसडब्ल्यूचं आहे. येईल ते चांगलंच आहे, पण त्या भरवशावर खोलीवर बसून राहू नको. कारखाना उभा राहताना आधी काम लागतं ते पाईपिंगवाल्याला, वेल्डरला, इलेक्ट्रिशियनला, क्रेन बसवणाऱ्याला, प्रॉडक्शनची भरती सगळ्यात शेवटी. आणि तेव्हा ते आयटीआय नि डिप्लोमा विचारणार, हे पण स्पष्टच सांगतो.

म्हणून शिक्षणाचं. बीए आत्ता नको. तुला शिकायची आवड असंल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत करत कर, त्याला कुणी अडवलं नाही, पुढं कधी पदवीवरची सरकारी जागा निघाली तर उपयोग होईल. पण नोकरी गेलीये म्हणून बीए, याला अर्थ नाही, तीन वर्षांनी तू २७ चा असशील आणि हातात तेच.

त्यापेक्षा दोन रस्ते आहेत. पैसे आणि घर सहा महिने धकत असंल तर चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमला जाऊन बस, केंद्र सरकारची संस्था आहे, सीएनसीचे छोटे कोर्स असतात, तुझ्यासारखा मशीनवर काम केलेला पोरगा तिथं इतरांपेक्षा दुप्पट घेतो कारण त्याला आधीच माहीत असतं की आपल्याला काय येत नाही. फी, बॅच, सवलत कुणाला, हे तिथं प्रत्यक्ष विचार, एजंटकडून नाही. दुसरा रस्ता आयटीआयचा. २४ वय म्हणजे उशीर झाला असं पोरांना वाटतं, आयटीआयला वरची वयाची अट नाही. फिटर, मशिनिस्ट, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे डिप्लोमाचं दार बंद नाही, फक्त आपल्याला जरा वळसा घालून जावं लागतं. अनुभवावर खाजगी उमेदवार म्हणून ट्रेडच्या परीक्षेला बसायची पण सोय असते, सरकारी आयटीआयमधे जाऊन विचार.

मला कुणी वैयक्तिक विचारलं तर मी मेंटेनन्स सांगतो. प्रॉडक्शन कमी झालं की ऑपरेटर जातो, पण मशीन चार असो का चाळीस, बिघडतंच, आणि मालकाला जुनी मशीन जास्त दिवस चालवायची असली की मेंटेनन्सवाल्याची किंमत वाढते. २००९ नंतर मी चार महिने गावाकडं बसलो होतो, नंतर एका जुन्या फिटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो, ऑपरेटरच्या निम्म्या पैशात. लोक हसले. पण हायड्रॉलिकचं सील किट बदलणं, बेअरिंग काढणं-बसवणं, प्रॉक्झिमिटी सेन्सर कुठं गेला ते शोधणं, हे हाताला लागलं आणि त्यानंतर आजपर्यंत मला कामासाठी गेटवर उभं राहावं लागलेलं नाही.

आता गावाकडंच जायचं असंल तर. तीन एकर कोरडवाहूवर चार माणसं बसत नाहीत हे तुला मी सांगायची गरज नाही, तू गेवराईचा आहेस, ऊसतोडीला जाणारी गाडी भरताना तू लहानपणापासून बघितलीये. पण हाताला कसब घेऊन गेलास तर गाव आज पहिल्यासारखं राहिलं नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, आणि ३, ५, साडेसात एचपीचे पंप बसतायत. पुरवठादार कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी आहे, आणि त्या कंपन्यांना तालुक्यात माणूस मिळत नाही. कंट्रोलर एरर दाखवतो, वाऱ्यानं पॅनल हलतं, उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की पंप ड्राय रन होऊन थांबतो, शेतकरी फोन करून करून थकतो. हे काम शिकलास आणि दोन-तीन पुरवठादारांचं सर्व्हिसिंग घेतलंस तर मोटरसायकल आणि पान्ह्यांची पिशवी एवढ्या भांडवलात धंदा आहे. त्याच्यासोबत मोटर रिवाइंडिंग. फक्त एक लक्षात ठेव, सोलरचा डीसी घरच्या लाईटसारखा समजू नको, पॅनल एकापुढं एक जोडले की शेकडो व्होल्ट होतात आणि ऊन आहे तोवर ते चालूच, चालू लोडवर कनेक्टर ओढला की जाळ होतो. नीट शिकूनच हात घाल. आपापल्या जिल्ह्यातल्या आरसेटीत (बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रात) मोटर रिवाइंडिंग, फ्रिज-एसी, दुचाकी दुरुस्ती असले कोर्स ग्रामीण पोरांना फुकट असतात, राहणं-जेवण पण तिथंच.

जालन्याच्या स्टील मिलचं पण पोरं विचारतात. काम आहे, क्रेन ऑपरेटरला, मेंटेनन्स फिटरला मागणी असते, पण भट्टीजवळची उष्णता सोसणारं शरीर पाहिजे आणि सुरक्षेची साधनं देतात का ते बघूनच जा. पोलीस भरती करायची असंल तर बारावीवर चालतं, पण १६०० मीटर किती मिनिटात धावतोस ते आधी घड्याळ लावून बघ आणि स्वतःला एकच वर्ष दे. आपल्याकडं भरती-भरती करत २८-२९ ला पोचलेली पोरं मी लई बघितलीत, घरच्यांचे पैसे पण गेले आणि मशीनवरचा हात पण गेला.

टेम्पोचं मी स्पष्ट नको म्हणीन. गाडी घेतल्यावर धंदा शोधायचा हा उलटा हिशोब आहे. हप्ता, डिझेल, इन्शुरन्स, टायर हे महिन्याच्या एक तारखेपासून चालू होतं, भाडं मात्र कधी मिळंल तेव्हा. आधी सहा महिने दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर राहा, दोन ठिकाणची कायमची भाडी हातात आली, मालक तुला नावानं ओळखायला लागला, मग घे. कर्जाला मुद्रा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, मराठा समाजातल्या पोरांना अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे, पण ही सगळी कर्जंच आहेत, सबसिडीचं नाव ऐकून उडी मारू नको.

गल्फला जाणं वाईट नाही. टर्नर, वेल्डर, फिटर जातात, कमवून येतात. पण सेटिंग येत असताना गेलास तर मशिनिस्ट म्हणून जाशील, नाहीतर हेल्पर म्हणून. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेलाच पाहिजे, त्याचा नंबर तिथं टाकून बघता येतो, आणि त्याला कायद्यानं ३० हजार आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं गेल्यावर वर्क व्हिसा करू म्हणणारा असंल तर तिथूनच परत फीर.

आणि तो ८० हजारवाला. नको भाऊ. एक रुपया देऊ नको. पर्मनंटची ऑर्डर कंपनी देते, चहाच्या टपरीवर बसलेला माणूस देत नाही. मोरे चौकात असल्यांना पैसे देऊन तीन महिन्यांत परत ठेकेदाराकडं आलेली पोरं तुला मी दाखवू शकतो. बहुतेक वेळा तेही ठेकेदारीच असते, फक्त गेटपासचा रंग वेगळा. ते ८० हजार तुझ्या घरी कुणी सावकाराकडून आणणार असंल तर आजच घरी फोन करून सांग की नको. घरी अजून सांगितलं नाहीस असं तू लिहिलंयस, ते पण सांग. बाप रागवंल, आई रडंल, पण मग बहिणीच्या लग्नाची तारीख ठरवताना त्यांना खरं माहीत असंल. हिशोबाचे जे पैसे येतील त्यातले तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि जेवण वेगळं काढायचं, ते लग्नाला पण द्यायचं नाही. कठोर वाटतंय मला माहितीये, पण नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या खिशात तीन महिने नसले की तो पहिल्या आठवड्यात मिळंल ती हेल्परी धरतो.

अनुभवाच्या पत्राचं विसरू नको. ठेकेदाराच्या लेटरहेडवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सीएनसी टर्निंग, कंट्रोलर कोणता, काम काय, एवढं लिहून शिक्का मारून घे, "चांगला मुलगा आहे" असल्या पत्राचा उपयोग नसतो. जमलं तर सुपरवायझरचा स्वतःचा नंबर घेऊन ठेव, कारण वाळूजला अर्ध्या नोकऱ्या एका सुपरवायझरनं दुसऱ्याला केलेल्या फोनवर लागतात. सुपरवायझर पण जाणार आहे ना त्या लाईनचा, तो जिथं जाईल तिथं त्याला माणसं लागणारच आहेत.

उद्या फर्स्ट शिफ्ट असंल तर जाताना चाळीस पानी वही आणि पेन घेऊन जा. जेवणाच्या सुट्टीत सेटरला गाठ, आणि त्या दिवशी स्क्रीनवर जो पहिला अलार्म येईल त्याचा नंबर आणि त्यानं काय केलं ते लिही. ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला तर सहीच्या आधी फोटो काढून मला पाठव, रात्री कितीही वाजता असो, मी वाचून सांगतो.